ती ओळ कुणाची

यातला एकही शब्द पदरचा नाही.

माझ्या सख्ख्या ताईची गोष्ट आहे. आणि हे मध्यरात्री वगैरे घडलेलं नाही. रविवारी दुपारी सव्वातीनला, तिच्या ऑफिसात, सहाव्या मजल्यावर, खिडकीतून लख्ख ऊन येत असताना घडलं.

ताई लिफ्ट चालवणारे प्रोग्रॅम लिहायची. लिहिलेला प्रोग्रॅम पुढे जाण्याआधी कम्पायलर तो तपासतो. चूक सापडली की अडून बसतो आणि कितव्या ओळीत काय बिघडलंय ते सांगतो. सांगतो म्हणजे काय... ताई म्हणायची, त्यापेक्षा सासूबाईंचे टोमणे परवडले. दुखणं पायाचं आणि तक्रार डोक्याची.

ती भाषा कळणारा एकच माणूस होता. तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. वयानं सगळ्यांत मोठा, म्हणून सगळे अण्णा म्हणायचे. कुणी अडलं की अण्णा खुर्ची सरकवत यायचे, स्क्रीन बघायचे आणि टेबलावर दोन बोटं वाजवायचे.

टक टक.

म्हणजे, वर बघ. "तो दाखवतो तिथे चूक नसते," म्हणायचे. "तिथे ती त्याला कळते. झालेली असते वर कुठेतरी."

ताईला त्यांनीच हाताला धरून शिकवलं.

दोन वर्षांपूर्वी, काम द्यायच्या दिवशीच ताईचं मशीन बंद पडलं. अण्णा म्हणाले, माझ्या जागेवर बस, आणि जेवायला गेले. कम्पायलर एकाच चुकीवर हटून बसला होता. संदेश चार ओळींचा, अर्थ शून्य. ताईनं तासभर डोकं फोडलं. मग तिनं एक ओळ लिहिली... ही तपासणी सोडून दे.

कम्पायलर गप्प झाला. काम गेलं. अण्णांच्या मशीनवरून गेलं, म्हणून नोंद अण्णांच्या नावानं.

ती तपासणी लिफ्टच्या दाराची होती.

सात महिन्यांनी दार उघडं असताना एक लिफ्ट हलली. दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकचा हात गेला.

चौकशीत ती ओळ निघाली. साहेबांनी सगळ्यांसमोर अण्णांना विचारलं. अण्णा बराच वेळ ती ओळ बघत राहिले. आठवत नाही, एवढंच म्हणाले.

ताई समोरच बसली होती. तिनं तोंड उघडलं नाही.

अण्णांना घरी बसवलं. पाच महिन्यांत ते गेले. तोवर ताई एकदाही भेटायला गेली नाही. फोनही केला नाही.

तर तो रविवार.

ऑफिसात ती एकटी. दहा मिनिटांचं काम. तिनं कम्पायलर चालवला.

चूक... ओळ सातशे बारा.

त्या फाइलमध्ये ओळीच होत्या चारशे नव्वद.

खाली एक वाक्य होतं. इथे नाव जुळत नाही. हा संदेश तिनं शेकडो वेळा पाहिला होता. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की येतोच. तिनं एकेक नाव तपासलं. सगळी बरोबर.

तेवढ्यात...

टक टक.

एसीचा आवाज असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण हात आपोआप चालले. ही फाइल ज्या जुन्या फाइलवर उभी होती, ती तिनं उघडली. पुन्हा चालवला.

आता चूक त्या फाइलमध्ये होती.

टक टक.

मग तिच्याही आधीच्या. गेल्या महिन्यातल्या. गेल्या वर्षीच्या. दर वेळी तेच वाक्य, आणि जागा मागे मागे सरकत चाललेली...

शेजारची खुर्ची ती आली तेव्हा टेबलाखाली ढकललेली होती.

आता ती तिच्या कोपराला लागत होती.

ताईनं मान वळवली नाही. समोर दाराची फाइल उघडली होती. आणि तिच्यात ती ओळ.

अपघातानंतर ती काढून टाकली होती. ताईच्या डोळ्यांदेखत काढली होती. ती आता जिथल्या तिथे होती.

इथे नाव जुळत नाही.

या वेळी टक टक झालं नाही. नुसती शांतता. जवळ कुणीतरी वाट बघत थांबावं तशी...

ताई पर्स तिथेच टाकून जिन्यानं खाली पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अण्णांच्या घरी गेली. काकूंनी दार उघडलं. ताईनं उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. काकूंनी ऐकून घेतलं, पण आत बोलावलं नाही.

"त्यांना वाटायचं, ती ओळ आपणच लिहिली," त्या म्हणाल्या. "कधी लिहिली ते आठवेना, म्हणजे आपलं डोकं गेलं. रोज कागद काढून शोधत बसायचे. शेवटच्या दिवशीसुद्धा मला विचारलं, मी असं लिहीन का गं?"

आणि त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

ताई तशीच साहेबांकडे गेली आणि तिनं कबुली दिली. साहेबांनी खात्री करायला जुनी नोंद उघडली. त्या ओळीच्या वर एक नवी टीप होती.

ही ओळ माझी नाही.

लिहिणारे... अण्णा. त्यांचं खातं बंद होऊन सव्वा वर्ष झालं होतं. वेळ रविवारची, पाच वाजून वीस मिनिटं.

साहेबांनी ताईकडे पाहिलं. "पुन्हा त्यांच्याच नावानं?" त्यांनी विचारलं.

ताईची नोकरी गेली. तिला त्याचं काही नाही. पण ती टीपही तिनंच लिहिली, असं सगळे म्हणतात, आणि ती वाद घालत नाही. एकदा केलंय ना मी, म्हणते, मग कोण विश्वास ठेवेल?

पण त्या रविवारी पाच वाजून वीस मिनिटांनी ताई माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. घडलेलं सगळं मला सांगत होती. मला साडेपाचला बाहेर पडायचं होतं, म्हणून मी दर मिनिटाला घड्याळ बघत होतो.

हे मी साहेबांना जाऊन सांगायला हवं होतं. भावाचं कोण ऐकणार, वर भुताचं काही बोललो तर हसतील, असं म्हणून गप्प बसलो.

त्याला पाच आठवडे झाले.

रोज सकाळी ठरवतो, आज जाऊ...