आठवा कोनाडा

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण यातलं काहीच रचलेलं नाही. हे माझ्यासमोर घडलं.

यंदाच्या एप्रिलमधला शेवटचा रविवार. दुपारचे चार. रात्र नव्हती, अंधार नव्हता, लख्ख ऊन होतं.

मी यशश्री. जालन्यात विम्याच्या ऑफिसात काम करते. माझा नवरा मुकुंद याला पडक्या जागांचं भारी वेड. दिवाळीत इलेक्ट्रिक बाईक घेतली आणि तेव्हापासून दर रविवारी कुठली तरी गढी, नाहीतर बारव. मी कुरकुर करायची, पण मागे बसून जायची.

त्या दिवशी राजूर सोडून केदारखेड्याकडे निघालो आणि एका पांदीने आत वळलो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. आत एक पडका मठ आहे. त्याच्याखाली भुयार. मेलेल्या साधूंना तिथे मांडी घालून बसवायचे आणि समोरून भिंत बांधायचे, असं मुकुंदने ऐकलं होतं.

गाडी अगदी दारात थांबली. जराही आवाज नाही.

"बघ, पाखरूसुद्धा उडालं नाही," तो खुशीत म्हणाला.

उडायला पाखरू होतंच कुठे…

तो मोबाईलचा टॉर्च लावून खाली गेला. मी वरच्या पायरीवर बसले, वैतागून.

"कोनाडे आहेत गं! सात बंद आहेत."

"बरं. ये आता वर."

"आठवा उघडा आहे…" मग जरा थांबून, "इथं कुणीतरी सारवलंय. ओलं आहे अजून."

त्यानंतर त्याचा आवाज आला नाही.

मी हाका मारल्या. एकदा, दोनदा, पाचदा.

मग खालून आलं…

खस्स… थप्प.

खस्स… थप्प.

गवंड्याची थापी. घर बांधताना महिनाभर ऐकलाय मी तो आवाज.

तेवढ्यात शेरडं सोडून एक म्हातारा धावत आला. रखमाजी त्याचं नाव, ते नंतर कळलं.

"गाडी कवा आली? आवाज न्हाई आला!"

"इलेक्ट्रिक आहे, बाबा."

"वाटंवरल्या बाभळीपाशी हाक दिल्ती का?"

"कसली हाक?"

त्याने कपाळावर हात मारला.

"इथं येणारानं 'जित्ता हाय, जाऊन येतो' आशी हाक द्यायची आस्ती. ट्रॅक्टरवाले बी भोंगा वाजवितेत. बिनआवाजी इथं फकस्त मढं आणत व्हते, बाई! आतल्यायनं तुमाला काय समजावं?"

त्याने मला दंडाला धरून उठवलं. "चला जल्दी!" असं म्हणत आणि "जित्ता हाय, जाऊन येतो!" असं ओरडत तो माझ्यापुढे उतरला.

मुकुंद आठव्या कोनाड्यात बसला होता. मांडी घालून. डोळे उघडे.

त्याच्यापुढे छातीपर्यंत दगड रचलेले. चुना ओला.

दुसरं कुणी नव्हतं. थापीही नव्हती.

मी दगड ढकलले, त्याचा हात ओढला. त्याने माझ्या मनगटात नखं रुतवली.

"जागा माझी आहे. तू नीघ."

लग्नाला सहा वर्षं झाली. इतक्या तिरस्काराने तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. मी त्याच्या मुस्काटात मारली.

रखमाजी कोनाड्यात शिरला आणि त्याने मागून जोर लावला. मुकुंद बाहेर पडला. मी त्याची कॉलर धरली आणि पायऱ्यांकडे पळाले.

तिसऱ्या पायरीवर होते, तेव्हा मागे…

खस्स… थप्प.

"बाई, हात द्या… पाय आडकून राह्यला माझा."

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं.

मी मागे वळले नाही.

मुकुंदचा तोल जात होता, म्हणून गाडी तिथेच टाकली. रस्त्यावर जीप मिळाली. त्याला आज यातलं काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी माझा भाऊ प्रितम टेम्पो घेऊन आला. आम्ही गाडी आणायला गेलो. गाडीजवळ एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तुळजाबाई, रखमाजीची बायको.

"शेरडं घरी आल्ती, ह्यांचा पत्ता न्हाई. गावातल्या पोरायनं खाली बी पाह्यलं. आठी कोनाडे बंद हाईत. चुना वाळून खडखडीत झालाय, जुन्यावानी."

मग ती माझ्याकडे वळली.

"बाई, काल माझा माणूस दिसला का तुमाला?"

प्रितम माझ्याकडे बघत होता. मला सगळं सांगायचं होतं, खरंच सांगायचं होतं. पण आठवा कोनाडा उघडला तर कुणाला तरी परत त्यात बसावं लागेल, हेच डोक्यात घोळत होतं. आणि मुकुंद घरी एकटा होता.

"नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. माझ्यावर तिचा बिलकुल संशय नव्हता. तिने पदराने तांब्या पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"मंग पाणी तरी पिऊन जा. लई उन्हाचं आलात."

मी ते पाणी प्यायले.