जागा धरायला म्हटलेली धून

ताईचा घसा बसला, म्हणून धाकटी आली. निमित्त एवढंच.

शाळेच्या मुलांसाठी ध्वनिपाठ तयार करणारा तो छोटासा स्टुडिओ. एका पाठात एक राज्य, आणि त्याच्याबद्दल सहसा कुणाला ठाऊक नसलेल्या गोष्टी. आवाज नेहमी ताईचा. 'माझं नाव घालवू नकोस गं,' ताईने घोगऱ्या आवाजात बजावलं होतं. ते घोकतच धाकटीने जड दार ढकललं. नेमकं तेव्हाच कुणीतरी ते आतून ओढलं... आणि ती थेट एका माणसाच्या हातातल्या वायरींच्या गुंत्यात.

"ताई नाही आल्या?"

"आवाज बसलाय. मी धाकटी."

"तुमचा तर चांगला उभा आहे," वायर सोडवत तो म्हणाला.

तो रेकॉर्डिस्ट. काचेच्या त्या बाजूला तो; या बाजूला ती, माइक आणि मेघालय.

ती वाचू लागली. झाडांच्या जिवंत मुळांना वळण देत देत ओढ्यावर वाढवलेले पूल. एखादी नदी इतकी नितळ, की होडी हवेत तरंगतेय असं वाटावं. तिथल्या खासी जमातीच्या कुटुंबांत आईवडिलांचं घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जातं, आणि पुष्कळदा नवराच तिच्या घरी राहायला येतो.

हेडफोनमध्ये खुसखुस ऐकू आली. "धाकटीची चंगळ आहे की."

"आणि नवऱ्याची?"

"त्याचं काय... माझं सामान तसंही एका बॅगेत मावतं."

तिने कागद तोंडासमोर धरला.

"कागद खाली घ्या. आवाज अडतोय."

आवाज कसला, नजर अडत होती.

पाठ लांबत गेला. कधी तिचा श्वास मोठा आला, कधी कागद वाजला. एकदा तर काहीच वाजलं नव्हतं, तरी त्याने पुन्हा वाचायला लावलं. तिला सुख वाटायचं, आणि लगेच धास्ती. हा सगळ्यांशी असाच बोलत असेल तर?

मग कोंगथाँग गावाचं पान आलं. तिथे आई प्रत्येक बाळासाठी एक धून रचते. शब्द नाहीत, नुसते सूर. त्या धुनेनेच त्याला हाक मारायची. ती त्याची एकट्याची. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.

"गावातल्या एका आईचं रेकॉर्डिंग यायचंय," तो म्हणाला. "तोवर काहीतरी गुणगुणा. नुसती जागा धरायला."

तिने डोळे मिटले. काचेपलीकडचा वाकलेला माथा, कानावर घसरलेला हेडफोन आठवला... आणि सूर आपोआप आले. ओव्या म्हणणाऱ्या बाईच्या गळ्यात ओळ यावी, तसे.

पाठ पूर्ण झाला. संपादकबाई ऐकायला बसल्या. मुलांच्या कानात चुकीचं काही जाता कामा नये, यावर त्यांचा जीव. ती धून सुरू झाली. मागे पाखरं, पाण्याची झुळझुळ... त्याने किती निगुतीने सजवली होती!

बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. "आईची माया ऐकू येते हो. असंच्या असं शाळांना पाठवून द्या."

तिने चटकन वर बघितलं. गप्प राहिलं तर ही खोटी हाक गावाची म्हणून शेकडो वर्गांत वाजणार. बोललं तर ताईचं काम जायचं. आणि त्याच्यासमोर... नको रे बाबा.

"बाई... ही त्या गावची नाही. मी म्हटलीये."

"म्हणजे?" तो गोंधळला. "मला वाटलं, त्या गावची धून आधी कुठेतरी ऐकूनच तुम्ही म्हटलीत. म्हणून त्या आईचं रेकॉर्डिंग आल्यावरही हीच ठेवली."

"मग ही कुणाची?" बाईंनी विचारलं.

"अशीच... सुचली."

"वाचलंस ना आत्ता? अशी कुणासाठी तरीच सुचते."

तिची मान खाली गेली. तो खुर्चीत हललासुद्धा नाही.

बाईंनी आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे बघितलं आणि चष्मा चढवला. "बरं झालं बोललीस. ताईला सांग, धाकटी खरं बोलते. आता खरं रेकॉर्डिंग लावा आणि तेवढं पान नव्याने घ्या. मी चहा पिऊन येते."

पुन्हा काच. पुन्हा माइक. तो तिच्याकडे बघेना. झालं, संपलं सगळं, तिला वाटलं. ती वाचू लागली.

"या धुनेची दोन रूपं असतात. रानात, डोंगरापलीकडे दूर असलेल्या माणसासाठी लांब धून. आणि घरात, जवळ असलेल्यासाठी... छोटी."

हेडफोनमध्ये एक बटण दाबल्याचा आवाज आला.

"पाठातून काढली तुमची धून," तो म्हणाला. "पुसली नाही." घसा खाकरला. "तुम्ही म्हटलीत ती कोणती होती?"

"लांबची," ती कशीबशी म्हणाली. "मध्ये काच होती ना..."

खुर्ची सरकली. काचेमागे कुणीच उरलं नाही. मग ते जड दार हळूच उघडलं, आणि तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. हेडफोन नाही, वायर नाही.

"आता छोटी म्हण," तो म्हणाला.