न तुटणारी धार

बराकपूरच्या घाटावर नूपुरच्या हातून तांब्याचं अभिषेकपात्र निसटलं, ठणठणत पायऱ्या उतरलं आणि गंगेत गडप झालं.

"अरेरे… गेलं!"

मराठीत? इथे? तिने दचकून मागे पाहिलं. वर उभ्या असलेल्या कॅराव्हॅनच्या दारात एक तरुण होता, हातात पाना.

"तुम्ही मराठी?"

"उन्मेष. कोलकात्यातल्या बालीगंजचा. माझं मराठी आईची बोलणी खाण्यापुरतं!"

तिला हसू आलं, पण डोळे भरलेलेच होते. "श्रावणभर नेम आहे माझा. जप संपेपर्यंत पिंडीवरची धार तुटायची नाही. नुसत्या तांब्याने ओतून कसं जमणार…"

त्याने गाडीमागचा नळ दाखवला. "हा चालेल? कोरा आहे, कालच बसवलाय."

नळावर गंगाजळ शिंपडून तिने खाली ताम्हणात पिंड ठेवली. नळ बारीक सोडला. धार आली… थांबली… पुन्हा आली. आतला पंप जणू उचक्या देत होता.

"मोठा सोडू?"

"नको, टाकी मध्येच संपेल. थांबा." पंप बंद करून त्याने शेजारच्या नारळाएवढ्या डब्याला सायकलचा पंप लावला. "नळ बारीक असला की मोटर सारखी बंद-चालू होते. मधल्या वेळी या डब्यातली हवा पाणी ढकलते. तीच कमी झालीय."

"हवा… धार सांभाळते?"

"दिसत नाही. पण तीच सांभाळते."

तिने पुन्हा नळ सोडला. रेशमाच्या धाग्यासारखी धार उतरली—थरथर नाही, खंड नाही. मोटर थांबली तरी ती वाहतच राहिली. नूपुरच्या अंगावर काटा आला. देव इतका जवळ, एवढ्याशा डब्यात येऊन बसतो? तिचे ओठ आपसूक हलू लागले.

जप संपला. पाहते तर उन्मेषही हात जोडून बसलेला, नजर टाकीच्या काट्यावर.

"तुम्ही कुणाचा जप करत होता?"

"टाकीचा! पुरू दे म्हणून. पुरली—आणि संपली."

"अगबाई! प्रवासाचं पाणी होतं ते? तुम्ही आज निघणार होतात?"

"पुरुलियाला. पण ते कुठे पळून जातंय?" त्याने पाना उगाच या हातातून त्या हातात घेतला. "तुम्हाला… बाजारात दुसरं पात्र मिळेल."

"मिळेल की."

तिने पिंड पदरात घेतली, दोन पावलं चालली आणि मागे न बघताच हळूच म्हणाली,

"पण मी आणणार नाही… टाकी भरून ठेवा."