संध्याकाळी सहाची धडधड

बांधावर बसलेला तो माणूस उजवा हात असा काही जोरजोरात हलवत होता, की सोनियाला आधी वाटलं, ह्याला गांधीलमाशी डसली.

मेंढरं वळवत ती जवळ आली. माणूस तरुण होता. गोरटेला, अंगानं भरलेला, पायात पांढरेशुभ्र नवे बूट. डोळे मिटून बसला होता आणि ताक घुसळावं तसा हात वरखाली करत होता.

"आवं, काय झालं? हाताला मुंग्या आल्यात का?"

तो दचकला. हात पटकन मांडीखाली लपवला. "काही न्हाई. ते आपलं... चालतोय."

"बसून?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. काठीवर हनुवटी टेकून ती उभी होती, आणि हसू दाबता दाबता तिच्या गालाला खळी पडली होती. मग त्यालाच हसू फुटलं. मनगट पुढं करत म्हणाला, "हे घड्याळ पावलं मोजतं. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज दहा हजार. सत्ताविसाव्या वर्षी साखर निघाली मला. आकडा थेट आईच्या मोबाईलवर जातो. ती रात्री बघते आणि मगच जेवते."

"मग आज किती झाली?"

"बाराशे."

"त्यातली पायाची किती?"

"...चारशे."

सोनिया इतकी हसली की पुढची दोन मेंढरं मान वर करून बघायला लागली.

अमृत त्याचं नाव. तासगावच्या बाहेर द्राक्षबागेत त्यांचं घर. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण काम घरातनंच. सकाळी माडीवर चढला की सूर्य मावळेपर्यंत खुर्चीत. बागेची मोटारसुद्धा तो वरनंच मोबाईलवर चालू-बंद करायचा. घरामागं डोंगर होता, त्यावर तो कधी चढला नव्हता. ह्याच्या आज्यानं तीनशे मेंढरं राखली होती, कोकणापर्यंत पायी नेली होती. नातवाला बांधापर्यंत येऊन धाप लागली होती.

सोनियाचा बाप बिराप्पा जत भागातला. दिवाळी झाली की दोनशे मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचा. अमृतच्या आईनं, धोंडुबाईनं, सोयाबीन काढलेल्या रानात खतासाठी त्यांची मेंढरं बसवली होती. तीन आठवडे मुक्काम ठरला होता.

"एवढंच हाय, तर मेंढीच्या गळ्यात बांधा की," सोनिया म्हणाली. "न्हाईतर नको. मेंढी दिसभर मान हलवती. तुमच्या आईला वाटंल, पोरगा समद्याला व्हय व्हय म्हणतोय."

"तू घालशील?"

"मी?"

"तू तर दिवसभर चालतेसच. सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणून द्यायचं. बस्स."

सोनियानं घड्याळाकडं बघितलं. मग त्याच्याकडं. आपण व्हय म्हणालो ते नक्की कुणाकडं बघून, हे तिला पुढं पुष्कळ दिवस ठरवता आलं नाही.

पहिल्याच दिवशी घड्याळात चोवीस हजार पावलं पडली. दिवसभर बागेत राबणाऱ्या धोंडुबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि शेजारच्या शालूबाईला हाक मारून मोबाईल दाखवला.

रोज संध्याकाळी सहाला सोनिया फाटकापाशी यायची. अमृत खाली उतरून उभाच असायचा. घड्याळाचा पट्टा काढायला तिला वेळ लागायचा... सकाळी एका झटक्यात लागणारा तो पट्टा संध्याकाळी निघता निघायचा नाही.

"आज किती?" ती विचारायची.

"बावीस हजार चारशे."

"त्यातली पयली पाच हजार म्हंजी तुमच्या मागचा डोंगूर. वर गवत असं पिवळं झालंय, वारा आला की समदा डोंगूर एका अंगावर व्हतोय. मग वड्याला गेलो. थितं तित्तिराची पिल्लं हायती, सात. आई पुढं आन् ही मागं एका वळीत... मी हललेच न्हाई घटकाभर. म्हणून आज कमी पडली."

"चालेल की. कमी पडू देत."

"आन् ही घ्या." ओढणीच्या पदरातनं ती बोरं काढायची. "डॉक्टरला इचारून खावा."

असं चालायचं. आकडा तो घ्यायचा, दिवस तिच्याकडं राहायचा. हळूहळू अमृतला आकड्याची गोडी राहिली नाही. तो विचारायचा, पिल्लं दिसली का, ओढ्याचं पाणी किती उरलं, करवंदीच्या जाळीतल्या कोल्ह्यानं पुन्हा तोंड दाखवलं का.

"एकदा येऊन बघा की सोता," ती म्हणायची.

"येतो की. उद्या मीटिंग आहे. परवा..."

"तुमचा परवा लय लांबचा हाय, इंजिनेरसायब. आमच्या जतपेक्षा."

तो हसायचा. ती वळायची. आणि रानाकडं जाताना तिला कळायचं नाही, की दिवसभर डोंगर चढून न लागलेली धाप इथं फाटकापाशी उभं राहून कशी लागते.

मुक्कामाचे दोन दिवस उरले होते. दुपारी सोनिया घागर घेऊन धोंडुबाईंच्या दारात गेली, तर बाई पायरीवर बसून डोळ्याला पदर लावत होत्या.

"मावशी? काय झालं वं?"

"काय सांगू बाई. काल सांगलीला गेलो व्हतो. अमृतची साखर आनि वाढली. डाक्टर म्हणला, रोज एवढं चालून साखर वाढती म्हंजी आत काहीतरी मोठं हाय. त्यानं मोबाईलवर समदं बघितलं. आन् म्हणतो कसा, रोज सांच्याला सहा वाजता हा माणूस चालत न्हाई, निस्ता हुबा ऱ्हातो, तरी ह्याचं काळीज धडाधडा उडतं. सव्वाशे ठोके! एक दिस न्हाई, रोज. बरोबर सहाला. आता ऐतवारी मिरजेला न्यायचंय. हृदयात नळी घालून बघत्यात म्हणं..."

सोनियाच्या कमरेवरची घागर घसरली. तिनं ती कशीबशी सावरली.

रोज सहाला. चालत नाही, नुसता उभा असतो.

ह्या घड्याळाला काळीजही कळतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचे कान तापले. तिनं माडीकडं बघितलं. खिडकी बंद होती. आतनं अमृतचा इंग्रजीतला आवाज येत होता. म्हणजे हा काल डॉक्टरपुढं बसला, हे सगळं ऐकलं आणि गप्प राहिला? आई इथं रडते आहे आणि ह्याची मीटिंग चालू आहे?

सांगावं, तर एकटी लबाडी उघडी पडणार नव्हती. सहा वाजताचं तेही उघडं पडणार होतं. ज्या गोष्टीचं नाव तिनं स्वतःशीसुद्धा घेतलं नव्हतं, ती त्याच्या आईपुढं मांडायची... ती नको नको म्हणत चार पावलं माघारी गेली. मागं धोंडुबाईंनी नाक ओढलं. सोनिया थांबली. घागर खाली ठेवली आणि परत आली.

"मावशी, त्यास्नी काय झाल्यालं न्हाई. नळी घालू नगा."

"तुला काय ठावं?"

"घड्याळ माझ्या हातात असतंय. पावलं माझी हायती. सकाळी नेती, सांच्याला आणून देती. ते घरातच असत्यात."

धोंडुबाई तोंडाकडं बघतच राहिल्या. राग आधी आला. "बसला खुर्चीत आन् मला खुळ्यात काढलं! येऊ दे खाली भाड्याला!" मग त्या एकदम थांबल्या. डोळे बारीक केले.

"आन् सहाचं काय गं?"

सोनिया पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

"सहाला कुठं असतीस तू?"

"...फाटकापाशी."

"कोन असतं थितं?"

धोंडुबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि सुस्कारा सोडला. "म्हंजी डाक्टरनं दुखणं बरोबर धरलं. माणूस चुकला."

सोनियानं घड्याळ काढून पायरीवर ठेवलं. ह्या वेळी पट्टा झटक्यात निघाला. घागर तिथंच विसरून ती रानाकडं पळत सुटली, आणि जाताच बापाला म्हणाली, "आप्पा, उद्याच निगू या. हितलं गवत सपलं." बिराप्पानं समोरच्या हिरव्यागार बांधाकडं बघितलं, लेकीच्या तोंडाकडं बघितलं, आणि काही न विचारता बिऱ्हाड आवरायला घेतलं.

विटा मागं पडलं. पुसेसावळी मागं पडली. सकाळच्या धुक्यात मेंढरं पुढं, घोडं मागं, मध्ये सोनिया. आठ दिवसांत तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. निदान बाप बघत असताना तरी नाही. आपलं काळीज त्या घरात बसल्या जागी सगळ्यांनी वाचलं, ह्याची लाज होती. पण त्याहून जास्त एक गोष्ट सलत होती. तो गप्प का बसला?

नवव्या दिवशी ती औंधच्या अलीकडं होती. समोर यमाईचा डोंगर उन्हात उजळला होता. मेंढरं पांगली होती, बिराप्पा लिंबाखाली आडवा झाला होता. आणि रस्त्यानं एक माणूस लंगडत येत होता. बूट हातात होते. एके काळी पांढरे असावेत.

सोनिया उभीच राहिली. कुत्रं भुंकलं, तिनं त्याला गप्पसुद्धा केलं नाही.

अमृत आला आणि दगडावर धपकन बसला. तिनं पाण्याची बाटली पुढं केली, तोंड मात्र दुसरीकडं.

"तासगावपासनं चालत आलासा?"

"न्हाई," तो धापा टाकत म्हणाला. "पुसेसावळीपर्यंत एस.टी.नं. तिथनं तुमच्या कळपाचा माग विचारत चालत. दोन ठिकाणी बसलो. एके ठिकाणी जरा झोपलो पण."

"दुसरी लोकं असती तर तासगावपासनंच म्हणली असती."

"म्हणणार होतो. वाटेत पाठ केलं होतं." त्यानं तोंड पुसलं. "पण मग म्हटलं, आता पुरे. आईला पंधरा दिवस खोटं दाखवलं. तुला तरी नको."

सोनियाच्या ओठाचा कोपरा हलला. पण तिनं तो जागेवर आणला. "डॉक्टरपुढं का बोलला न्हाईसा मग? आई रडत व्हती तुमची."

अमृतनं मान खाली घातली. "आईची भीती होतीच. ते खोटं नाही. पण डॉक्टरांनी जेव्हा सहाचं सांगितलं ना... तेव्हा मला कळलं, ते ठोके कुणाचे. घड्याळ तुझ्या हातात होतं म्हणालो असतो, तर पुढचं सगळं त्यांनी आणि आईनं आपोआप ओळखलं असतं. तुझं गुपित मी कसं फोडणार? ते तू मला पण सांगितलं नव्हतंस."

ती वळली. पहिल्यांदा सरळ त्याच्याकडं बघितलं.

"म्हणून काळजात नळी घालून घेणार व्हतासा?"

"घेणार होतो."

"येडं हायसा का वं?"

"डॉक्टरांनी वेडाची पण तपासणी सांगितली असती, पण आईनं नको म्हटलं. ती म्हणाली, ते जुनं आहे."

आता मात्र तिला हसू आवरलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं की कशाचं, तिनं ओढणीनं भराभर पुसून टाकलं.

"माझं समद्यास्नी कळलं," ती हळूच म्हणाली. "डाक्टरला, मावशीला, तुमास्नी. तुमचं मला कसं कळायचं?"

"तेच सांगायला आलोय." त्यानं तळपाय जरा वर करून दाखवला. दोन्ही टाचांना फोड होते. "बोलायला मला जमत नाही. मीटिंगमध्ये सोडून. पण सोनिया... सहा वाजले की मला फाटकाशी उभं राहवत नाही आता. गेले आठ दिवस रोज डोंगर चढतोय. पहिल्या दिवशी निम्म्यातनं परत आलो. काल वरपर्यंत गेलो. तित्तिराची पिल्लं मोठी झालीत. सातातली सहाच दिसली."

"सातवं मागं ऱ्हातंय," ती म्हणाली. "ते पयल्यापासनं मागं ऱ्हातंय. दिसंल."

लिंबाखालनं बिराप्पाचा आवाज आला. "कोन पावनं गं?"

"तासगावचं, आप्पा!"

"मग च्या टाक की. हुबी काय ऱ्हायलीस?" आणि तो पुन्हा कुशीवर वळला; पण तोंडावरचा पटका त्यानं जरासा बाजूला सरकवला होता.

"आई रविवारी येणार आहे," अमृत आवाज उतरवून म्हणाला. "यमाईचं दर्शन घेईन म्हणते. आणि बिराप्पाकाकांशी बोलेन म्हणते."

"कशाचं?"

"मेंढरांचं नसावं."

सोनिया तीन दगडांच्या चुलीपाशी बसली. काटक्या सारख्या करता करता म्हणाली, "मी माडीवर कोंडून ऱ्हाणार न्हाई. आदीच सांगती."

"मी पण न्हाई. कामाचे आठ तास सोडून."

"सात."

"कंपनी माझी नाही गं."

"मग इचारून बगा कंपनीला."

चहा झाला. ऊन कललं. बिराप्पानं शीळ घातली तशी मेंढरं उठली आणि वरच्या गवताकडं निघाली. अमृत पण उठला. उठताना कण्हला, पण उठला. अनवाणी पाय जपून टाकत तो चालू लागला. पुढं कळप धूळ उडवत चढणीला लागला. बिराप्पानं लेकीला एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, आणि मग मागं बघून तिसरी मारली नाही.

कारण सोनिया अमृतच्या बरोबरीनं चालत होती... इतकी सावकाश, जितकी ती आजवर कुणासाठीच चालली नव्हती.