टाकीच्या झाकणावर कोण बसलं होतं?

पटो न पटो, हे घडलंय. गेल्या नोव्हेंबरातला मंगळवार. भर दुपारचे तीन. वसई पूर्वेला, गोखिवऱ्याचा एक पेट्रोल पंप. नाव मुद्दाम देत नाही.

पॉलिन लोपीस तिथली सुपरवायझर.

त्याच्या पाच महिने आधी त्याच पंपावर तिच्यासोबतचा आत्माराम मेहेर भडक्यात गेला होता.

टँकरमधलं पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत उतरवताना अर्थिंगची क्लिप लावावीच लागते. नाहीतर ठिणगी उडते. ती क्लिप तुटलेली होती. आत्मारामने मालकाला, चिरागशेठला, कितीदा तरी सांगितलं. शेठने नवी आणली नाही. वर पोलिसांना म्हणाला, "कामगाराचाच हलगर्जीपणा."

ते आठवलं की पॉलिनच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या दुपारी शेठने तिच्यापुढे तपासणीचं रजिस्टर आपटलं.

"उद्या लायसन्सचे साहेब येतायत. जूनपासून एक पान भरलेलं नाही. सगळं ओके लिही आणि सह्या कर."

"आणि क्लिप?"

"नंतर बघू."

पॉलिनने दात-ओठ खात रजिस्टर उघडलं...

पानं कोरी नव्हती.

रोजची तारीख. रोज एकच ओळ. 'क्लिप तुटलेली. शेठना सांगितलं.'

आत्मारामचं अक्षर!

जून, जुलै, ऑगस्ट... थेट आजपर्यंत.

आजची शाई तिच्या बोटाला लागली.

"कोणाचा चावटपणा हा?" शेठने पानं टराटरा फाडली.

तेवढ्यात टँकर आला. ड्रायव्हर हार्दिकने पाइप ओढला.

"जोड रे लवकर!" शेठ दारातून ओरडला.

पॉलिन बाहेर धावली... आणि थबकली.

समोर रस्ता रिक्षा-टेम्पोंनी भरलेला. पण आवाज नाही. एकही हॉर्न नाही.

मग...

टक... टक... टक...

टाकीच्या झाकणाला आतून कोणीतरी ठोकत होतं.

आणि अगदी कानाशी आत्मारामचा आवाज...

"पाइप जोडू नको, बाय. मी कोनाकोनाला सांगू?"

पॉलिनने क्रूसाची खूण केली. मग भीतीच्या वर तिचा राग चढला. तिने लाल बटणावर मूठ आदळली. सगळा पंप बंद.

"एक थेंब उतरणार नाही इथे! एक माणूस जाळलात, अजून किती हवेत?"

"नोकरीवरून काढीन!"

"काढा! उद्या साहेबांना मीच दाखवणार सगळं!"

हार्दिक पांढराफटक पडला होता. "मॅडम, त्या माणसाला आधी उठवा ना. झाकणावर का बसलाय तो?"

झाकणावर कोणीच नव्हतं...

साहेब आले. पॉलिनने तुटलेल्या क्लिपसकट सगळं दाखवलं. पंपाला सील लागलं, तिची नोकरी गेली.

पंधराव्या दिवशी पंप पुन्हा सुरू. कागद ठीक आहेत म्हणे! तिने तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर नाही.

माल उतरवायला मात्र तिथे कोणी ड्रायव्हर दुसऱ्यांदा जात नाही. झाकणावर प्रत्येकाला कोणीतरी बसलेलं दिसतं, हार्दिकनेच फोनवर सांगितलं.

पॉलिनने ते आत्मारामच्या बायकोला, विनयाला, सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल.

विनया भडकली.

"म्हणजे मेल्यावरपन ड्युटी? जित्यांनी हात वर करायचे आनि माझ्या नवऱ्याने तिथे बसायचं? त्यांना कोन सोडवनार?"



पॉलिन अजूनही त्या रस्त्याने जात नाही.