मुलाखतीनंतरची चोरी

"ताई, माझा लॅपटॉप गेला!"

दिपा राठोड जिना उतरून आली ती धापा टाकतच. हातात पेढ्यांचा पुडा तसाच होता, दोरीसुद्धा सोडलेली नव्हती.

हिंगोलीतल्या त्या इमारतीत वर भुजंगकाकांची अभ्यासिका होती आणि खाली राजनंदिनी घुगे यांचं खासगी तपासाचं ऑफिस. तिथे बहुतेक कामं सोयरिकीच्या चौकशीची यायची. राजनंदिनीच्या मदतीला निवृत्त हवालदार सोनाजी असायचे. तब्येत खणखणीत, विचार मात्र सावकाश.

"बस. पाणी पी. पहिल्यापासून सांग," राजनंदिनी म्हणाली.

दिपा सेनगाव तालुक्यातल्या बंजारा तांड्यावरची. हैदराबादेत जर्मन घेऊन एम.ए. झालेली. भाषा आणि संस्कृती यांच्या पुढच्या अभ्यासासाठी जर्मनीतल्या एका विद्यापीठाने तिला ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं होतं. तांड्यावर रेंज नाही, म्हणून ती या अभ्यासिकेत यायची, आणि आज तिने तिथली केबिन दिवसभरासाठी घेतली होती.

"म्हणजे मुलाखत राहिली?"

"न्हाई ताई, झाली! लई भारी झाली!" रडता रडता दिपाचे डोळे चमकले. "अडीचला सुरू झाली. आमच्या बायांची गाणी मी जमा केलीत, सगळं त्याच्यावरच विचारलं. म्हणले, सगळी गाणी अन् त्यांची जर्मन टिपणं आज संध्याकाळच्या आत पाठवा, मग निर्णय कळवतो. मी 'झाली, झाली' करत ओरडतच बाहेर आले. सगळी अभ्यासिका माझ्याकडं बघून राहिली होती. खाली माझा चुलतभाऊ देविदासदादा जीपपाशी होता, त्याला घेऊन पेढे आणायला गेले. परत येते तर टेबल रिकामं! भुजंगकाका शोधायला लागले. माझी मैत्रीण पुजा तर बिचारी आपला मोबाइलच पुढं करायला लागली. म्हणे, रडू नको, साडेतीनला अवकाश हाय, माझ्या मोबाइलवरून दे मुलाखत. तिला काय ठाव की झाली म्हणून!"

"गाणी दुसरीकडे कुठे ठेवलीस?"

"न्हाई. रेकॉर्डरचं कार्डसुद्धा लॅपटॉपलाच लावलेलं." दिपाने पुडा टेबलावर ठेवला. "त्यात जनकाआत्या हाय, ताई. दिवाळीत गेली ती. नवरी सासरी निघताना रडत म्हणायचा ढावलो तिच्यासारखा म्हणणारं आता आमच्या तांड्यावर कुणी न्हाई."

सोनाजींनी मिशीवरून हात फिरवला. "चोरट्यानं बाजारात नेला असंल. मी मोबाइलच्या दुकानांत बघून येतो."

"सोनाजीकाका, तुम्ही दुपारभर कुठे होतात?"

"जिन्याच्या तोंडाशी, खुर्ची टाकून. दुसरा जिना न्हाई."

"कोण कोण आलं-गेलं?"

"ही पोरगी हात हलवत उतरली अन् त्या जीपवाल्यासंगं गेली. मग पुजा मेसवरून जेवून वर गेली. सामान घेऊन खाली कुणीबी उतरलं न्हाई."

"मग बाजारात कशाला जाता? लॅपटॉप अजून वरच आहे."

तिघं वर गेले तेव्हा भुजंगकाका कमरेवर हात ठेवून उभे होते. "माझ्या अभ्यासिकेत चोरी! पोरांच्या पिशव्या पालथ्या केल्या. ज्याचं त्याचं नाव वाचून एकेक लॉकर उघडायला लावलं. न्हाई भेटला."

"काल तुमचं दिपाशी वाजलं होतं म्हणे?"

"वाजणार न्हाई तर काय? केबिनीत फोनवर मोठमोठ्यानं गिटपिट, वरून गाणी. पोरांनी अभ्यास कधी करायचा?"

"विद्यापीठातल्या बाईंचा फोन होता तो," दिपा म्हणाली. "स्पीकरवर होता. आजची वेळ ठरली, भारतातल्या घड्याळानं 'हाल्प द्राय'. म्हणजे अडीच."

"तेव्हा जवळ कोण होतं?"

"काका ट्यूब बदलत होते. पुजा डबा खात होती. देविदासदादा मला न्यायला आला होता."

"वेळ कोणाकोणाला सांगितलीस?"

"एकट्या दादाला. याडी म्हणाली, बाकी कुणाला सांगू नको, दृष्ट लागती." याडी म्हणजे तिची आई.

राजनंदिनीने भुजंगकाकांकडे पाहिलं.

"मला हिंदी धड येत न्हाई, जर्मन कुठून येणार?" काका म्हणाले. "दिवसभर केबिन पायजे म्हणली, दिली."

आता देविदासची पाळी. तो दाराला टेकून उभा होता, चेहरा ताणलेला.

"तुम्हाला तिचं परदेशी जाणं पसंत नाही?"

"न्हाई. तोंडावर सांगतो. एकटी पोरगी, इतक्या लांब. पण अडीचला मुलाखत म्हणली म्हणून आमच्याकडच्या गोरेगावपासून जीप कुठं थांबवली न्हाई मी. अन् पेढे घेताना तिच्यासंगंच होतो."

उरली पुजा. दिपाची शाळेपासूनची मैत्रीण, तीन वर्षांपासून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. दोघींचा जीव असा की दिपाच्या नावचं लॉकरसुद्धा दोघी मिळून वापरत. रडून तिचे डोळे सुजले होते.

"तू वर आलीस तेव्हा काय पाहिलंस?"

"काही न्हाई. आले, जागेवर बसले. दिपा रडायला लागली तेव्हा उठले."

"कालचा फोन ऐकला होतास?"

"कानावर पडला. पण मला जर्मनचं ओ का ठो कळत न्हाई, ताई."

राजनंदिनीने वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार वाजत आले होते. दिपाची चुळबुळ वाढली.

"दिपा, जर्मनमध्ये एक ते तीन म्हण बरं."

"आता? आइन्स, त्स्वाय, द्राय."

"आणि हाल्प?"

"अर्धा."

"बस्स!" राजनंदिनीने टाळी वाजवली. "भुजंगकाका, दार लावून घ्या. कोणी बाहेर जाऊ नका."

सोनाजी गोंधळले. "कोन हाय, ताई?"

"आधी मला सांगा, ही चोरी काहून झाली? पैशासाठी? मग लॅपटॉप खाली गेला असता. गाण्यांसाठी? ती आज पाठवायची आहेत हे एकट्या दिपाला माहीत होतं. मग राहिलं काय? मुलाखत होऊ नये, एवढंच."

"पण मुलाखत तर झालेली!" भुजंगकाका म्हणाले. "सगळ्यांनी ऐकलं. ही नाचतच बाहेर आली होती."

"हो ना! तुम्ही ऐकलंत, या सगळ्या पोरांनी ऐकलं. देविदासला खाली कळलं. ज्यांना माहीत होतं त्यांनी लॅपटॉप उचलून काय मिळवलं असतं? उचलणाऱ्याला वाटत होतं की मुलाखत अजून व्हायची आहे. दिपा ओरडली तेव्हा इथे नव्हतं आणि नंतर वर आलं असं माणूस एकच."

सगळ्यांच्या नजरा पुजाकडे वळल्या.

"न्हाई!" दिपा ओरडली. "ती तर मोबाइल देत होती मला!"

"देताना काय म्हणाली? साडेतीनला अवकाश आहे. साडेतीन कुठून आले, दिपा? तू वेळ सांगितलीस फक्त देविदासला, आणि तीही अडीच. साडेतीन असं कोणीच कधी म्हणालं नव्हतं. हाल्प म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. अर्धा आणि तीन, साडेतीन. जर्मन अजिबात न येणाऱ्याला हे दोन शब्द कळणार नाहीत. चांगली येणाऱ्याची अशी चूक होणार नाही. ही चूक नुकतं शिकू लागलेल्याची आहे."

"इंग्रजीतून शिकणाऱ्याची!" दिपाच्या तोंडून निघून गेलं. एवढ्या गडबडीतही तिला राहवलं नाही. "इंग्रजीत 'हाफ थ्री' म्हणजे साडेतीन, पण जर्मन लोक तिसरा तास अर्धा झाला असं म्हणतात. आपलंबी तसंच हाय ताई, अडीच म्हणजे अर्धतृतीय, अर्धा तिसरा..."

आणि ती थांबली. आपण काय बोलतोय ते तिला तेव्हा कळलं.

"पुजा?"

पुजाने मान वर केली नाही. "मी चोर न्हाई."

"नाहीसच," राजनंदिनी म्हणाली. "चोरायचं असतं तर ज्या लॉकरची किल्ली दिपाच्याही गळ्यात आहे त्यात ठेवलं नसतंस. काकांनी सगळी लॉकरं पाहिली, पण जिची वस्तू गेली तिच्या नावचं कोण बघतं?"

दिपा धावली. गळ्यातली किल्ली लावली. दार उघडलं, आणि पुस्तकांच्या मागे उभा ठेवलेला लॅपटॉप तिने छातीशी घट्ट धरला. कार्ड जागेवर होतं.

"चालती हो इथून!" भुजंगकाका पुजावर गरजले.

"थांबा काका." दिपा पुजासमोर येऊन उभी राहिली. "काहून?"

"तुझी जुनी पुस्तकं नेली होती ना मी? रद्दीत न्हाई दिली. त्यातून शिकले, मोबाइलवर शिकले. तू अर्ज केलास तिथंच मीबी केला. पहिल्याच झटक्यात नकार आला. कुणाला सांगायची लाज वाटली. तू गेलीस की मी त्याच खुर्चीवर एकटी. आज वर आले, तू दिसली न्हाईस, लॅपटॉप समोर. एक मुलाखत हुकली तर सालभर थांबशील, एवढंच डोक्यात आलं." ती म्हणाली, "पण तू रडायला लागलीस तेव्हा मोबाइल खरंच देत होते, दिपा."

"जनकाआत्या होती ह्याच्यात."

"ठाव नव्हतं. आईची आन."

 देविदास पुढे झाला होता, तो तिथेच थबकला. दिपाने घड्याळाकडे पाहिलं, लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावला.

"अजून निम्म्या गाण्यांची टिपणं राहिली. माझ्या एकटीच्यानं होत न्हाई."

मग तिने शेजारची खुर्ची पायाने ओढली.

"बस."

पुजाला कळलं नाही.

"माफी-बिफी नंतर बघू. मी लई रागात हाय. जर्मन शिकत होतीस अन् मला सांगितलं न्हाईस, त्याचा सगळ्यात जास्त. बस इथं. मी सांगते, तू टाइप कर. चुकलीस तर ओरडीन."

पुजा बसली. डोळे पुसून बोटं कीबोर्डवर ठेवली. सोनाजींनी राजनंदिनीकडे पाहिलं, तिने खुणेनेच त्यांना गप्प राहायला सांगितलं.

दिपाने पहिलं गाणं लावलं. थरथरता, उंच जाणारा बाईचा आवाज अभ्यासिकेत भरला. पुस्तकांत बुडालेली पोरं एकेक करून वर बघू लागली. देविदासने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दिपा भराभर सांगत होती, पुजा भराभर लिहीत होती. चौथ्या ओळीला तिची बोटं अडली.

"दिपा, तांड्याला जर्मनमध्ये काय लिहू? गाव? वस्ती?"

"तांडाच लिही," दिपा म्हणाली. "शिकू दे त्यांना."