फुलाबाईची पहिली ओळ

मांजरथडीच्या नगरपालिकेसमोर दर मंगळवारी अकराला हंडा मोर्चा यायचा, आणि वरच्या मजल्यावर कुणाची मानही वर व्हायची नाही. चौकातल्या चार खांबांवर 'प्रतिनाद' यंत्रं होती ना! आवाज म्हणजे हवेतली लाट. तिच्या बरोब्बर उलटी लाट सोडली, की दोघी एकमेकींना पुसून टाकतात. पण ही उलटी लाट आधीच तयार हवी. म्हणून यंत्र मोर्चाची घोषणा, तिचा सूर, दम घ्यायची जागासुद्धा पाठ करून ठेवायचं आणि वेळेवर सोडायचं. बायकांना ओरडायचा हक्क, साहेबांना शांतता. कायदा दोघांवरही खूश!

मोर्चाच्या पुढारी हौसाबाई ढेरे यांना यंत्राआधीचे दिवस आठवायचे. त्यांची मैत्रीण फुलाबाई पहिली ओळ द्यायची, "पाणी आमच्या हक्काचं!" दीडशे बायका उत्तरायच्या, "नाही कुणाच्या बापाचं!" कारकून चहा टाकून खाली धावायचे. दोन दिवसांत नळाला पाणी. काय दिवस होते ते!

त्या मंगळवारी अकरा वाजले आणि साऱ्याजणी सवयीनं फुलाबाईच्या ओळीची वाट बघत उभ्या राहिल्या. ती वारून पाचच दिवस झाले होते, पण पहिली ओळ दुसरं कुणी द्यायचं, हे ठरवायचंच राहून गेलं होतं. चौक चिडीचूप झाला.

आणि खांबांवरून आवाज आला, "पाणी आमच्या हक्काचं!"

दोघीतिघींच्या हातून हंडे पडले. यंत्राची निगा राखणाऱ्या रेणुका भिडे धावत आल्या.

"मॅडम, ह्यो आमच्या फुलीचा आवाज की वो!" हौसाबाई म्हणाल्या.

"मावशी, उलटी लाट एकटी सुटली, तर कानाला सुलटीसारखीच ऐकू येते. यंत्राला त्या गेल्याचं ठाऊक नाही." रेणुकाबाईंनी आवाज खाली आणला. "आज शांतता यंत्रानंच मोडली. तुम्ही तक्रार लिहून द्या. नियमानं ते काढावंच लागेल. मग तुमचा आवाज थेट वर."

यंत्र बसल्यापासून सहा वर्षं हौसाबाईंनी एवढंच मागितलं होतं. वस्तीला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं.

"अन् फुलीचा आवाज?"

"तो यंत्राबरोबर जाईल."

हौसाबाईंना रडू आवरेना. त्यांनी तक्रारीचा कागद कोराच परत केला.

पुढच्या मंगळवारी दुप्पट बायका आल्या. अकरा वाजता कुणी तोंड उघडलं नाही. वर साहेबांनी खिडक्या लावून घेतल्या. खाली बायका डोळे मिटून फुलाबाईला ऐकत राहिल्या, आणि ऐकून झाल्यावर रिकामे हंडे घेऊन मुकाट्यानं घरी गेल्या.